पहिल्या मंत्रिमंडळातले कायदामंत्री

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा निरोप स्मरणिका समितीकडून आला. पाणी, पार्किंग आणि लिफ्ट या विषयांवर मी सेक्रेटरी असताना वार्षिक सभेत इतकं बोललो आहे की तेच परत छापून सभासदांना देण्यात अर्थ नव्हता. मग ऑफिसच्या कपाटातलं जे रजिस्टर आठवलं. कमिटीवर काम करण्याचा योग ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी सांगतो, जे रजिस्टर म्हणजे सोसायटीच्या सभासदांची यादी. पहिल्या वर्षीच्या यादीत स्त्रियांची नावं बोटांवर मोजण्याइतकी होती. आज कुठलंही पान उघडा, पतीच्या जोडीनं पत्नीचं, वडिलांच्या जागी मुलीचं नाव सापडतं. सून आणि सासू दोघी सभासद असलेला एक फ्लॅटही आपल्याकडे आहे.

ही नावं आपोआप आलेली नाहीत. त्यांच्यामागे एक कायदा आहे आणि त्या कायद्यासाठी देशाच्या पहिल्या मंत्रिमंडळातून बाहेर पडलेला एक मंत्री आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की राज्यघटना, चवदार तळं, दीक्षाभूमी हे आपल्याला आठवतं, आणि ते बरोबरच आहे. पण मंत्री म्हणून त्यांनी काढलेली चार वर्षं आणि ते का बाहेर पडले, हे आपल्यापैकी अनेकांना नीट माहीत नसतं. मलाही नव्हतं. सेक्रेटरीच्या खुर्चीत बसून हस्तांतरणाचे अर्ज तपासताना माहीत करून घ्यावं लागलं.

सुरुवात घरापासूनच करतो, कारण ही घरांची सोसायटी आहे.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, महू छावणीतला. वडील रामजी सुभेदार लष्करात शिक्षक होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. शिक्षण सातारा आणि मग मुंबईत झालं. 1907 साली मॅट्रिक, 1912 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती दिली आणि 1913 मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून 1917 मध्ये परत आले आणि करारानुसार बडोदा सरकारच्या नोकरीत रुजू झाले.

एवढा शिकलेला माणूस बडोद्याला पोचला आणि त्याला राहायला जागा मिळेना. हिंदू हॉटेलात जात लपवून राहणं त्यांना शक्य नव्हतं. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथे फक्त पारशांना उतरता येत असे. रखवालदाराशी बोलून वहीत पारशी नाव लावायचं ठरलं आणि त्यांना वरच्या मजल्यावर जागा मिळाली. आजूबाजूला अडगळ, संध्याकाळनंतर कंदिलाचा उजेड आणि सोबतीला कोणी नाही. अकराव्या दिवशी सकाळी ते कामावर निघत असताना दहा-बारा पारशी गृहस्थ काठ्या घेऊन जिना चढून आले. त्यांनी जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितलं. बाबासाहेबांनी आठवडाभराची मुदत मागितली, ती मिळाली नाही. त्यांनी ओळखीच्या दोघांना विचारून पाहिलं. एक हिंदू होता, एक ख्रिस्ती. दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. मग मुंबईची गाडी येईपर्यंतचे पाच तास ते कामाठी बागेत बसून राहिले.

कोलंबियाची एम.ए. असलेला, पुढे देशाचा कायदामंत्री होणारा सव्वीस वर्षांचा तरुण एका बागेत सामानासह बसला आहे, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आपल्या सोसायटीच्या सुरुवातीच्या काळात भाडेकरू ठेवायला ना हरकत पत्र देताना कमिटीच्या एका बैठकीत आडनावाची चौकशी निघाली होती. मी त्या बैठकीला होतो. विषय तिथेच थांबला हे खरं, पण मी तो थांबवला नव्हता. थांबवणारे सभासद दुसरे होते. आज लिहायला बसलो आहे तर हेही लिहून टाकतो.

मुंबईत बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांत राहत. संसार रमाबाईंनी ओढला. पाच मुलांपैकी एकटे यशवंत जगले. लंडनला परत जाऊन 1923 पर्यंत बाबासाहेब डॉक्टर ऑफ सायन्स झाले, बॅरिस्टर झाले. 1927 मध्ये महाडचा सत्याग्रह आणि त्याच वर्षी डिसेंबरात मनुस्मृतीचं दहन, 1930 मध्ये नाशिकचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह, मग लंडनच्या गोलमेज परिषदा आणि 1932 चा पुणे करार. हा इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत, त्यामुळे तो इथे सांगत बसत नाही. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधलं तेही मुख्यतः पुस्तकं राहावीत म्हणून. त्या घराचं सुख रमाबाईंना फार दिवस लाभलं नाही. 27 मे 1935 रोजी त्या तिथेच गेल्या.

बायकांच्या प्रश्नाकडे त्यांचं लक्ष मंत्री झाल्यावर गेलं असं मात्र नाही. 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची भरपगारी रजा मिळावी म्हणून आलेल्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला होता. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते, तेव्हाही कामाचे तास आणि खाणीत काम करणाऱ्या बायका हे विषय त्यांच्या टेबलावर होते.

आता 15 ऑगस्ट 1947. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात पंतप्रधान नेहरूंसह 14 जण होते. गृह खातं वल्लभभाई पटेलांकडे, शिक्षण मौलाना आझादांकडे, अन्न आणि शेती राजेंद्रप्रसादांकडे, संरक्षण सरदार बलदेवसिंगांकडे. बाबू जगजीवनराम मजूर मंत्री आणि रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री. आरोग्य खात्याच्या राजकुमारी अमृत कौर या एकट्याच स्त्री. आपले पुण्याचे काकासाहेब गाडगीळ बांधकाम, खाण आणि वीज या खात्याचे मंत्री होते. काँग्रेसबाहेरचे लोकही मुद्दाम घेतलेले होते. अर्थमंत्री षण्मुखम चेट्टी, रेल्वेचे जॉन मथाई, व्यापार खात्याचे भाभा, उद्योग खात्याचे श्यामाप्रसाद मुखर्जी आणि कायदा खात्याचे बाबासाहेब.

बाबासाहेब आणि काँग्रेस यांचं नातं किती कडू होतं हे लक्षात घेतलं तर ही नेमणूक केवढी मोठी होती ते कळतं. गोलमेज परिषदेत गांधीजींशी त्यांचा उघड वाद झाला होता. काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केलं, याचा जाब विचारणारं जाडजूड पुस्तक त्यांनी 1945 मध्ये काढलं होतं. घटना समितीवरही ते आधी मुंबईतून निवडून येऊ शकले नव्हते, ते आले बंगालमधून. फाळणीनं ती जागा गेली. मग बॅ. जयकरांच्या रिकाम्या जागेवर काँग्रेसनंच त्यांना मुंबईतून निवडून आणलं. दोन्ही बाजूंनी जुनं वैर बाजूला ठेवलं होतं. नवा देश उभा करायचा तर शहाण्या माणसांची गरज होती.

29 ऑगस्ट 1947 रोजी घटनेचा मसुदा करणारी समिती नेमली गेली आणि बाबासाहेब तिचे अध्यक्ष झाले. त्या कामानं त्यांच्या तब्येतीचं किती नुकसान केलं याची आपल्याला कल्पना नसते. मधुमेह होता, पाय दुखत, रात्र रात्र झोप नसे. 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत हार्डिंज अव्हेन्यूवरच्या सरकारी बंगल्यात त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. त्याच पुढे माईसाहेब. 26 नोव्हेंबर 1949 रोजी घटना मंजूर झाली.

घटनेचं काम चालू असतानाच दुसरं एक काम त्यांच्याकडे आलं होतं. ते म्हणजे हिंदू कोड बिल.

त्या वेळचा कायदा थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. हिंदूंचा वारसा कायदा तेव्हा एकसारखा नव्हता. बंगालात दायभाग, आपल्याकडे मिताक्षरा, शिवाय ठिकठिकाणच्या रूढी. मिताक्षरेप्रमाणे वडिलोपार्जित मालमत्तेवर मुलाचा हक्क जन्मानं, मुलीचा नाही. मुलगे असतील तर मुलीला वारसाहक्कानं वाटा मिळत नसे. मुंबईचे डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नानं 1937 मध्ये एक कायदा झाला आणि विधवेला मुलाइतका वाटा मिळू लागला, पण तोही हयातीपुरता. म्हणजे घरात राहा, उत्पन्न खा, पण कायदेशीर गरजेशिवाय विकू नका आणि आपल्या पश्चात कुणाला देऊ नका. पुरुषाला दुसरी, तिसरी बायको करायला मोकळीक होती. बाईला घटस्फोट जवळजवळ कुठेच नव्हता.

या सगळ्यासाठी एकच कायदा करावा म्हणून स्वातंत्र्याच्या आधी राव समितीनं मसुदा केला होता. बाबासाहेबांनी तो हाती घेतला. 1948 च्या एप्रिलमध्ये तो प्रवर समितीकडे गेला. राव समितीच्या मसुद्यात मुलीला मुलाच्या निम्मा वाटा होता, तो प्रवर समितीतून मुलाच्या बरोबरीचा होऊन बाहेर आला. बाईला मिळालेली मालमत्ता हयातीपुरती नाही तर पूर्ण तिच्या मालकीची व्हावी, एका वेळी एकच लग्न असावं, घटस्फोटाला कायदेशीर वाट असावी, जात वेगळी म्हणून लग्न बेकायदा ठरू नये, अशी ही योजना होती.

गदारोळ झाला. संसदेबाहेर मोर्चे, आत तासन् तास भाषणं. धर्म बुडाला, कुटुंबं मोडणार, भावाबहिणींत भांडणं लागणार, जमिनीचे तुकडे होणार. पहिले राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद विरोधात होते, काँग्रेसमधलेही कितीतरी सभासद विरोधात होते. अस्पृश्य समाजातला माणूस हिंदूंचा कायदा बदलणार, ही बोच बोलण्याच्या आडून दिसत असे. दुर्गाबाई आणि रेणुका राय यांच्यासारख्या स्त्री-सभासद बिलाच्या बाजूनं उभ्या होत्या, पण त्यांची संख्या किती! बाबासाहेब जुनी शास्त्रवचनंच पुढे ठेवून उत्तरं देत. हे नवं काही नाही, तुमच्याच स्मृतींत आणि रूढींत याला आधार आहे, असं ते दाखवून देत. त्यासाठी लागणारं वाचन त्यांच्यापाशी होतं.

बिल पुढे ढकललं जात राहिलं. 1949 गेलं, 1950 गेलं. नेहरू मनानं बिलाच्या बाजूनं होते, पण पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आलेली होती आणि पक्ष त्यांच्या मागे नव्हता. शेवटी सगळं बिल नाही तर निदान लग्न आणि घटस्फोटाचा भाग तरी मंजूर करू असं ठरलं. 1951 च्या सप्टेंबरमध्ये चर्चा सुरू झाली. अवघी चार कलमं मंजूर झाली आणि बिल बाजूला ठेवण्यात आलं.

27 सप्टेंबर 1951 रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. कारणं एकटी हिंदू कोडाची नव्हती. अनुसूचित जातींकडे सरकारचं लक्ष नाही, परराष्ट्र धोरण आणि काश्मीरचा प्रश्न पटत नाही, मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवर आपल्याला घेतलं जात नाही, अशा तक्रारी होत्या. पण इतकं असूनही ते थांबले होते ते या बिलासाठी. 11 ऑक्टोबरला सभागृहात निवेदन करायला ते उभे राहणार होते. उपाध्यक्षांनी निवेदनाची प्रत आधी मागितली. ते त्यांना मान्य झालं नाही. ते सभागृहातून निघून गेले आणि निवेदन वर्तमानपत्रांना दिलं. सरकारी बंगला सुटला. पुढची वर्षं ते 26, अलीपूर रोडवरच्या घरात राहिले.

त्या मंत्रिमंडळातून त्यांच्या आधीही काहीजण बाहेर पडले होते. चेट्टी गेले, मथाई गेले, मुखर्जी गेले, प्रत्येकाची कारणं वेगळी. पण बायकांच्या मालमत्तेच्या हक्कासाठी मंत्रिपद सोडणारे बाबासाहेब एकटेच. त्यातून त्यांच्या पदरात काय पडलं? 1952 च्या निवडणुकीत मुंबईत पराभव, 1954 मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पराभव. ज्यांच्यासाठी भांडले त्या बायकांपैकी कितीजणींना तेव्हा ते ठाऊक होतं, कुणास ठाऊक.

नेहरूंनीही शब्द टाकला नाही, हे सांगायला हवं. निवडणुकीत याच मुद्द्यावर त्यांच्याविरुद्ध उमेदवार उभा होता, तरी ते निवडून आले आणि त्यांनी बिलाचे चार भाग करून एकेक मंजूर करून घेतला. त्यातले विवाहाचं आणि वारशाचं ही बिलं संसदेत पुढे नेणारे मंत्री आपल्या खानदेशातले हरी विनायक पाटसकर होते. हिंदू विवाह कायदा 1955 मध्ये आला. 17 जून 1956 रोजी हिंदू वारसा कायदा लागू झाला. बाबासाहेब तेव्हा राज्यसभेचे सभासद होते, प्रकृती ढासळलेली होती. ऑक्टोबरात नागपूरला त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्लीच्या घरी त्यांचं निधन झालं. चारपैकी शेवटचा, दत्तक आणि पोटगीचा कायदा त्यानंतर पंधरा दिवसांनी आला.

कायदा झाला तो त्यांना हवा तेवढा नव्हता. बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वतःच्या कमाईत मुलीला मुलाइतकाच वाटा मिळू लागला, बाईची मालमत्ता पूर्ण तिची झाली, हे मोठंच. पण वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं हक्क मुलाचाच राहिला. आणि राहत्या घराबद्दल एक गंमतशीर कलम होतं, तेविसावं. बहिणीचा वाटा आहे, पण भावांनी वाटणी करायचं मनावर घेईपर्यंत तिला वाटणी मागता येत नसे. आपल्या महाराष्ट्रानं 1994 मध्ये अविवाहित मुलींना जन्मानं हक्क दिला. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर सगळ्या मुलींना, लग्न झालेल्यांनासुद्धा, तो मिळाला आणि तेविसावं कलम रद्द झालं. राजीनाम्यानंतर 54 वर्षांनी.

हे सगळं मला कसं कळलं ते सांगून थांबतो. सेक्रेटरी असताना माझ्याकडे हस्तांतरणाची एक फाइल आली. सभासद गृहस्थ वारले होते, नॉमिनी मुलगा, आणि अर्जासोबत दोन मुलींचं हक्कसोडपत्र जोडायचं होतं. थोरली सही करून गेली. धाकटी ऑफिसात येऊन बसली आणि तिनं मला विचारलं की सही नाही केली तर चालतं का. मी सांगितलं, चालतं, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारस म्हणून तुमचाही वाटा आहे. ती बराच वेळ गप्प बसली. पुढे त्यांच्यात काय ठरलं ते त्यांचं त्यांच्यापाशी.

ती गेल्यावर मला माझी ताई आठवली. वडील गेले तेव्हा गावच्या घरासाठी मी तिची सही घेतली होती. कागद मीच तयार करून नेला, तिनं वाचला नाही, मी वाचूनही दाखवला नाही. तिला साडी घेतली आणि सगळं रीतीप्रमाणे झालं असं समजलो. गेल्या दिवाळीत मी हा विषय तिच्याकडे काढला. ती म्हणाली की कागद कसला आहे ते तिला तेव्हाच कळलं होतं, पण सही नाकारली असती तर माहेरचा उंबरा बंद झाला असता, म्हणून केली. मला यावर बोलता आलं नाही. गावचं घर अजून उभं आहे आणि तिचा वाटा तिच्या नावे करायचं मी या वर्षी मनावर घेतलं आहे. वकिलांकडे एक खेप झाली.

सभासद बंधू-भगिनींनो, रौप्यमहोत्सवाच्या निमित्तानं रंगकाम झालं, दिव्यांची रोषणाई होईल, जेवणही होईल. त्याबरोबर एवढं करा. आपलं नॉमिनेशन भरलं आहे का ते पाहा. मृत्युपत्र केलं नसेल तर करा. पत्नीचं नाव शेअर सर्टिफिकेटवर नसेल तर लावून घ्या, अर्ज ऑफिसात मिळतो. आणि मुलीच्या पुढे हक्कसोडपत्र ठेवण्याआधी ते तिला वाचून दाखवा.

सोसायटीच्या पुढच्या पंचवीस वर्षांना शुभेच्छा.